आचारसंहितेचा ब्रेक, मतदारांचा हॉर्न!

सीट बेल्ट लावा, हेल्मेट चढवा, आजची सफर आहे महाळुंग्याची. तालुका खेड, एमआयडीसी चाकण, पिन कोड ४१०५०१. गाडीत सोबत आहेत आमदारसाहेब आणि खासदारसाहेब. साल २०२४, म्हणजे लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात! लोकप्रतिनिधीला याहून धावपळीचं वर्ष कुठलं? चला, मारा स्टार्टर!

माहीत आहे का, पुणे जिल्ह्यात महाळुंगे एक नाही, दोन आहेत? एक मुळशी तालुक्यातलं, बालेवाडीच्या क्रीडा संकुलाला खेटून. ते २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. त्याचा आमदार भोरचा, खासदार बारामतीचा. दुसरं आपलं, महाळुंगे इंगळे. याचा आमदार खेड-आळंदीचा, खासदार शिरूरचा. पत्ता विचारताना तालुका आधी सांगा, नाहीतर थेट दुसऱ्याच मतदारसंघात पोहोचाल!

आणि या गावाचा पत्ता तर ग्लोबल आहे. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना? प्लॉट ए-१, महाळुंगे. फोक्सवॅगनचा? प्लॉट ई-१, निघोजे-महाळुंगे-खराबवाडी. जर्मन कंपनीच्या पत्त्यात खेड तालुक्यातली तीन गावं एका ओळीत! आहे की नाही भारी?

पण कारभार? ग्रामपंचायतीचा!

आता जरा बोटांवर मोजायला घ्या. महाळुंग्याचा महसूल बघणार राजगुरुनगरचं तहसील कार्यालय. औद्योगिक पट्ट्याचं नियोजन एमआयडीसीचं. त्याबाहेरचं पीएमआरडीएचं, म्हणजे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्राधिकरणाचं. पोलीस ठाणं महाळुंगे एमआयडीसी, पण आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं, २०१८ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेलं. शाळा आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, हायवे केंद्राकडे. कचऱ्याची तक्रार घेऊन माणूस नेमका जाणार कुठे? बरोब्बर! आमदाराकडे.

माहीत आहे का, २०२४ मध्ये आमदाराच्या दारात एवढी गर्दी का होती? पुणे जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले. झेडपी सदस्य नाही, पंचायत समिती सदस्य नाही. सरपंच आणि आमदार यांच्यामधला अख्खा मजला रिकामा! नळ, गटार, दाखला, शाळेचं छप्पर, सगळा लोड एकाच खांद्यावर. लोकशाहीचं हे नुकसान मला फार मोठं वाटतं. तालुक्यातल्या नव्या कार्यकर्त्यांची एक फळीच्या फळी निवडून येण्यापासून वंचित राहिली.

बरं, काम करायला वेळ तरी किती? लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला, उठली ६ जूनला. विधानसभेची लागली १५ ऑक्टोबरला आणि थेट निकालानंतर उठली. बेरीज करा. वर्षातले चार महिने नवीन कामाला फुल्ल ब्रेक! जे काम जागेवर सुरू झालंय ते चालू राहतं, पण नवा नारळ फोडता येत नाही. म्हणून तारीख जाहीर व्हायच्या आधीच्या आठवड्यात बघा, तालुक्यात कुदळ मारायची कशी घाई उडते! सकाळी सभामंडप, दुपारी काँक्रीट रस्ता, संध्याकाळी व्यायामशाळा. आणि आचारसंहिता लागली की ग्रामपंचायतीचा माणूस शिडी, कागद आणि चिकटपट्टी घेऊन निघतो. कोनशिलेवरची नावं झाक, बस थांब्यावरचा फोटो झाक, पाण्याच्या टाकीवरचं 'यांच्या प्रयत्नातून' झाक. वर्षभर चमकणारे चेहरे रात्रीत गुडूप!

आता पैशांची गंमत. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. आकडा मोठा वाटतो ना? थांबा, हा आकडा खिशात ठेवा. थोडं पुढे गेलं की तो काढायचाय.

तोवर उमेदवाराच्या खर्चाचं बघू. विधानसभेला कमाल ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. शिरूरमध्ये मतदार किती? २५ लाखांहून जास्त. म्हणजे एका मतदारामागे चार रुपयेसुद्धा नाहीत! तेवढ्यात कटिंग चहासुद्धा येत नाही. त्यातून निवडणूक कार्यालयाचं दरपत्रक असतं. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, सगळ्याचे दर ठरलेले. पाहुण्यांना पाजलेला चहा उमेदवाराच्या खात्यात चढतो. निकालानंतर ३० दिवसांत पै-पैचा हिशेब द्यायचा, हरला तरी!

चला, आता खासदारांची एंट्री. शिरूरचे डॉ. अमोल कोल्हे. डॉक्टर, अभिनेता, खासदार, थ्री इन वन! माहीत आहे का, २०१९ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही त्यांची मालिका टीव्हीवर सुरूच होती? दिवसा प्रचारात कोल्हे, रात्री पडद्यावर शंभूराजे. समोर होते शिवाजीराव आढळराव पाटील, २००४, २००९ आणि २०१४ अशी सलग तीनदा लोकसभा जिंकलेले. कोल्हे ५८,४८३ मतांनी जिंकले.

या मतदारसंघात खासदाराची परीक्षा संसदेत होते, तशीच घाटातही होते. कुठला घाट? बैलगाड्याचा! खेड-जुन्नरच्या घाटात चार बैलांचा गाडा असतो आणि त्याच्या पुढे धावते घोडी. निशाण पडलं की घोडीवरचा स्वार मान खाली घालून, मांड घट्ट आवळून सुटतो. मागून बैल, त्यांच्या मागून धूळ, माइकवर 'भिर्रर्र', आणि काही सेकंदांत खेळ खल्लास. निकाल स्टॉपवॉचवर! निवडणुकीत शब्द दिला होता म्हणून कोल्हे फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात स्वतः गाड्यापुढे घोडीवर बसले. स्टंट डबल न घेता!

पण थांबा, या शर्यतीमागे कायद्याची केवढी लांब शर्यत आहे, माहीत आहे का? ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. नऊ वर्षं! आमदार-खासदारांचं मूळ काम कायदे करण्याचं आहे, ते असं दिसतं. गटार आणि सभामंडपाच्या गर्दीत आपण ते विसरून जातो.

निवडणूक वर्षाचा पहिला सीन डिसेंबर २०२३ मध्येच सुरू झाला होता. केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि चाकणच्या बाजारात शेतकऱ्यांच्या डोळ्यांत कांदा न कापताच पाणी आलं. १९ डिसेंबरला सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे यांच्यासह विरोधी खासदारांची एक मोठी तुकडी लोकसभेतून निलंबित झाली. सभागृहाचं दार बंद? मग रस्ता उघडा! २७ डिसेंबरला शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला.

आणि निर्यातबंदी उठली कधी? ४ मे २०२४. शिरूरचं मतदान कधी? १३ मे. फक्त ९ दिवस आधी! तेही ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर भावाच्या अटीसह. माझं स्पष्ट मत, उशीर झाला होता. चाळीतला कांदा मतदानाच्या तारखेची वाट बघत नाही.

आता पॉलिटिकल ट्विस्ट! मार्च २०२४ मध्ये आढळराव पाटील थेट अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले आणि घड्याळावर उभे राहिले. खेडचे तेव्हाचे आमदार कोण? दिलीप मोहिते पाटील, त्याच राष्ट्रवादीचे आणि आढळरावांचे जुने कट्टर विरोधक! वर्षानुवर्षं ज्यांच्या विरोधात लढले, त्यांच्यासाठीच आता मतं मागायची. मोहिते आधी रुसले, मग मनधरणी झाली, मग प्रचारात उतरले. कार्यकर्त्यांना समजवायचं, मतदारांना समजवायचं आणि सहा महिन्यांनी स्वतःसाठी पुन्हा त्याच दारात जायचं. निवडणूक वर्षातल्या आमदाराची खरी कसोटी कुठली, असं विचाराल तर मी हीच सांगेन.

निकाल? ४ जूनला कोल्हे पुन्हा जिंकले, या वेळी १,४०,९५१ मतांनी.

बाय द वे, शिरूरच्या मतदान केंद्रांवर टेबल मोठं लागलं. उमेदवार होते ३२, त्यात 'नोटा' मिळवला की ३३. एका बॅलट युनिटवर जागा १६ नावांची. म्हणजे १६, १६ आणि उरलेल्या एकासाठी तिसरं मशीन!

आता भक्ती आणि बजेट. निवडणूक वर्षात अर्थसंकल्प दोनदा येतो. फेब्रुवारीत अंतरिम, मग पूर्ण. राज्याचा पूर्ण अर्थसंकल्प मांडला गेला २८ जूनला. त्याच दिवशी देहूतून तुकोबारायांची पालखी निघाली आणि दुसऱ्या दिवशी आळंदीतून माउलींची! अर्थसंकल्पात दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले आणि 'लाडकी बहीण'चे महिना १,५०० रुपयेही. या योजनेचा मोठा सोहळा १७ ऑगस्टला झाला कुठे? बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, म्हणजे त्या दुसऱ्या महाळुंग्याच्या उंबऱ्यावर!

बरं, आता गाडी थांबणार आहे. का? कारण आपण चाकणच्या तळेगाव चौकात आलोय.

इथे पुणे-नाशिक महामार्ग, म्हणजे एनएच ६०, तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याला छेदतो. शिफ्ट सुटायची वेळ बघा. कंपन्यांच्या बसची रांग, नव्याकोऱ्या कार लादलेले लांबलचक ट्रेलर, बंदराकडे निघालेले कंटेनर, कांद्याची पिकअप, शाळेची व्हॅन आणि फटीफटीतून नाक खुपसणाऱ्या बाइक. ज्या पट्ट्यात देशातल्या वेगवान बाइक बनतात, त्याच पट्ट्यात त्या पहिल्या गिअरमध्ये रेंगाळतात! रात्रपाळी करून घरी निघालेल्या माणसाची झोप या चौकात जाते. अँब्युलन्स इथे अडकते तेव्हा काळजात चर्र होतं.

चाकणला वेढा काही नवा नाही म्हणा! १६६० मध्ये इथल्या संग्रामदुर्गाला शाहिस्तेखानाने वेढा घातला होता. फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट किल्ला जवळपास दोन महिने झुंजवला. आजचा वाहनांचा वेढा मात्र कितीतरी वर्षं उठलेला नाही.

मग उपाय? २ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. लांबी ३० किलोमीटर, खर्च ७,८२७ कोटी. तारीख बघितलीत? लोकसभेचा गुलाल उतरला होता आणि विधानसभेचा उधळायचा होता.

आता खिशातला तो आकडा काढा. आमदार निधी वर्षाला ५ कोटी. या उन्नत मार्गाचा एक किलोमीटर पडतो सुमारे २६१ कोटींना. म्हणजे आमदाराने वर्षाचा सगळा निधी यात ओतला, तर पूल किती होईल? १९ मीटर! एक कंटेनर ट्रेलर उभा केला की संपला. पूर्ण मार्ग एकट्या आमदार निधीतून करायचा तर दीड हजारांहून जास्त वर्षं लागतील. म्हणूनच इथल्या लोकप्रतिनिधीचं खरं भांडवल निधी नाही, पाठपुरावा आहे. फाइल कुठल्या टेबलावर अडली, भूसंपादनाचा पेच कुठे आहे, मुंबईत कुणाला आणि दिल्लीत कुणाला गाठायचं, हे ज्याला पाठ, तो चाकणच्या कामाचा.

आणि रेल्वे? ऐका, ही तर सायन्स फिक्शनला मागे टाकणारी गोष्ट! पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा २३५ किलोमीटरचा मूळ मार्ग चाकण-नारायणगाववरून आखला होता. अडला कशाने? ताऱ्यांनी! जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ३० अँटेना, एकेकीचा व्यास ४५ मीटर. दूरच्या आकाशगंगांमधून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ती टिपते आणि रेल्वेमुळे त्यात खरखर मिसळेल, असा आक्षेप आला. रेल्वेमंत्र्यांनी मूळ मार्गाला नकार दिला आणि शिर्डीवरून वळसा घेणारा पर्याय पुढे आला. कोल्हे मूळचे नारायणगावचे, म्हणजे दुर्बीण आणि रेल्वे दोन्ही त्यांच्याच अंगणात! विज्ञानही हवं आणि चाकणला गाडीही हवी. मार्ग थोडा सरकवून दोन्ही साधावं, यासाठी दिल्लीत भांडणं हे खासदाराचं काम, आणि ते अजून संपलेलं नाही.

विमानतळाचं काय? तोही एकेकाळी चाकण परिसरात होणार म्हणून गाजला. शेवटी पुरंदरला गेला. टेक ऑफ होण्याआधीच डायव्हर्ट!

चला, दिवाळी आली. माहीत आहे का, २०२४ च्या विधानसभेचे अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि माघारीची ४ नोव्हेंबर? मधोमध अख्खी दिवाळी! लक्ष्मीपूजनाला फोन, पाडव्याला भेट, ३ तारखेला भाऊबीज आणि ४ तारखेला दुपारी तीनच्या आत बंडोबांचा थंडोबा करायचा. चकली खुसखुशीत, चर्चा कुरकुरीत! एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, कुणाच्या खिशात आहे, याच्याइतका सस्पेन्स तर वेब सिरीजमध्येही नसतो.

शेजारच्या आंबेगावात तर कहरच झाला. दिलीप वळसे पाटील यांच्यासमोर होते देवदत्त निकम, चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि त्याच यादीत अगदी तशाच नावाचा एक अपक्ष, चिन्ह 'ट्रम्पेट'! वळसे पाटील जिंकले १,५२३ मतांनी. त्या अपक्षाला मतं किती? २,९६५. लोकसभेला साताऱ्यातही असंच झालं होतं. निकाल लागला ३२,७७१ मतांनी आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला पडली ३७,०६२. कुठलं मत कुणाला गेलं असतं हे सांगता येत नाही, पण चिन्हं एवढी मिळतीजुळती ठेवणं मतदारावर अन्याय आहे, हे नक्की. वाचता न येणारी आजी चिन्ह बघून बटण दाबते, हो!

आणि खेड-आळंदी? २३ नोव्हेंबरला मशिनं उघडली आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे बाबाजी काळे ५० हजारांहून अधिक मतांनी जिंकले. तीनदा आमदार राहिलेले मोहिते पाटील पराभूत. पुणे जिल्ह्यातल्या २१ पैकी १८ जागा महायुतीने घेतल्या, तेव्हा मशाल पेटलेली ही एकमेव जागा!

नव्या आमदारांना श्वास घ्यायला वेळ? अजिबात नाही. निकाल शनिवारी, आणि मंगळवारी, २६ तारखेला, आळंदीत कार्तिकी एकादशी. लाखो वारकरी, पाणी, स्वच्छता, बंदोबस्त आणि इंद्रायणीच्या फेसाचा प्रश्न, सगळं हजर. हनिमून पीरियड तीन दिवसांचा! इंद्रायणीवर मी तरी हसणार नाही. जिच्या काठी माउलींनी समाधी घेतली, त्या नदीवर साबणासारखा फेस तरंगतो. उद्योगांचं आणि शहरांचं सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जावं, ही मागणी पक्षाबिक्षाची नाही, सगळ्यांची आहे.

२०२४ नंतरचे अजून दोन झटपट नगेट्स? घ्या!

८ ऑगस्ट २०२५. भल्या पहाटे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार चाकणच्या चौकात हजर! वाहतुकीची पाहणी केली आणि चाकण परिसरासाठी स्वतंत्र महापालिका हवी, असंही सांगून टाकलं. ग्रामपंचायतीतून थेट महापालिकेत? महाळुंगेकर, गाव बदलतंय, लक्ष असू द्या!

नोव्हेंबर २०२५. चाकण नगर परिषदेची निवडणूक. शिंदेंच्या शिवसेनेच्या मनीषा गोरे नगराध्यक्षपदाचा अर्ज भरायला निघाल्या आणि सोबत कोण? ठाकरेंच्या शिवसेनेचे आमदार बाबाजी काळे! मनीषा गोरे या २०१४ मध्ये इथून निवडून आलेले दिवंगत आमदार सुरेश गोरे यांच्या पत्नी. राज्यभर एकमेकांना भिडणाऱ्या दोन शिवसेना चाकणात एका रांगेत. राजकारणात इथे नातं पक्षापेक्षा जड भरतं.

आता शेवटचा प्रश्न, आणि हा तुमच्यासाठी. माहीत आहे का, या पट्ट्यात राबणारी हजारो माणसं इथे मतदानच करत नाहीत? राहणं महाळुंग्यात, नाव मात्र गावच्या यादीत. २०२४ मध्ये महाराष्ट्राचं लोकसभा मतदान पाच टप्प्यांत झालं. नांदेड-परभणीचा कामगार २६ एप्रिलला रजेवर, लातूरचा ७ मेला, बीड-जालन्याचा १३ मेला. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, पण एका दिवसात जाऊन-येऊन कामावर हजर होणं कुणाला परवडतं? मत हुकतंच. आणि ज्याचं मत इथे नाही, त्याच्या चाळीतलं पाणी, त्याच्या रस्त्यावरचा दिवा, त्याच्या मुलांची शाळा निवडणूक वर्षातल्या प्राधान्याच्या यादीत खाली घसरते. टॅक्स इथे, घाम इथे, ट्रॅफिकही इथलंच. मग मत का नको?

उपाय अगदी सोपा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६. मोबाइलवर भरता येतो, किंवा तुमच्या भागातल्या बीएलओंकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे, द्या. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींसाठी वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. शंका असेल तर हेल्पलाइन १९५०. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, जिथे राहता तिथलं नाव यादीत आहे का, ते आज जेवणाच्या सुट्टीत तपासा आणि शेजारच्या मशीनवरच्या मित्रालाही तपासायला लावा.